सरस वाळेपर्यंत

तीस वर्षं कॉम्प्रेसर ओढला मी
जिन्यांवरून, बर्फातून, लोकांच्या दिवाणखान्यांतून,
हट्टी वासरू ओढत न्यावं तसा.
मग थंडर बेमधला हा फेब्रुवारी, उणे एकतीस.
नळी ताठ, फणा काढून गोठलेली,
आणि यंत्र म्हणे, आज नाही.

म्हणून गेले दुकानात.
कोल्टननं चार पिन नेलर मांडले काउंटरवर,
ताकदीचे आकडे सांगू लागला.
म्हटलं, बाबा, मला भिंत पाडायची नाही.
एकेक उचलून धरला डोक्यावर,
छताच्या पट्टीला लावावा तसा,
आणि शंभर मोजले.
दोन तर साठाच्या आतच खाली ठेवले.
तिसऱ्याचं नाक जाड,
कुठे टोचतोय ते दिसूच देईना.
चौथ्याचं नाक चिमणीच्या चोचीएवढं,
आणि पिना संपल्या की आपणहून गप्प बसतो,
रिकामा टक करून खोटं सांगत नाही.
एवढा एक गुण
माझ्या पहिल्या नवऱ्यात असता तर.
घेतला.

बॅटरी थंडीला भिते.
तिला मी कोटाच्या आत ठेवते, छातीशी,
गाडीपासून दारापर्यंत.
या वयात एवढंच बाळ.

प्रिस्टुपांच्या घरी खिडक्यांच्या चौकटी करायच्या होत्या.
मेपलची पट्टी, बोटाएवढी,
जाड खिळा लागला तर उभी चिरते.
पंचेचाळीसात कापायची, कोपऱ्याला सरस लावायचा,
मग दोन पिना, एकमेकींकडे झुकलेल्या,
कुजबुजणाऱ्या बायांसारख्या.
तेवीस गेजच्या पिनेला डोकं नसतं.
ती फार काही धरून ठेवत नाही,
सरस वाळेपर्यंत जामीन राहते, बस.
आणि डावा हात वीतभर लांब ठेवायचा.
पिन लाकडाच्या रेषांचं ऐकते, माझं नाही.
अंगठ्याजवळचा हा ठिपका बघा,
डोकं नसताना डोकावली होती इथून.

टक.
आणि मग शांतता.
कॉम्प्रेसर असता तर कळलंच नसतं
की शेजारच्या खोलीत वॉल्टर
शब्द शिकतोय.
बंदरावरच्या धान्याच्या कोठारात
चाळीस वर्षं ओरडून बोललेला माणूस.
नोव्हेंबरात मेंदूत एक गुठळी,
आणि आता इरिना, त्याची बायको,
चित्रांचे पत्ते धरते समोर:
चम... चमचा.
दा...
दा...

मी ट्रिगरवरचं बोट उचललं.
दार, मनात म्हटलं. दार, रे.
माझ्यासमोर ते उघडंच होतं.
इरिनानं शब्द पुरवला नाही.
मीही पट्टी दाबून उभी,
सरस मनगटाकडे ओघळतोय.

"दार."
टक.

तसंच चाललं मग दुपारभर.
त्याचा एक शब्द, माझी एक पिन.
ठरवलं कुणीच नव्हतं.
"पुस्तक"ला फार वेळ लागला,
तेवढ्यात माझी पट्टी केसभर सरकली.
काढली, पुन्हा कापली,
बिलात लावली नाही.

पाचला उजेड उतरला.
वॉल्टर काठी टेकत आला,
सांध्यावरून अंगठा फिरवला,
वर, खाली, पुन्हा वर.
चष्मा काढला. पुसला. लावला.
आणि माझ्याकडे बघून
कुठल्याच पत्त्यावर नसलेला शब्द म्हणाला:
"कुठे?"

मी टॉर्च लावला, वाकले.
खरं सांगते,
मलाही सापडेना.